ग्रहताऱ्यांचा आकार, वजन आणि घनता
(आर्वी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. आम्ही ग्रहताऱ्यांचे वजन हा विषय घेतला, त्याला कारण आहे. शनी आणि मंगळ ही दोन नावे आजही अनेक घरांत दबक्या आवाजात घेतली जातात. मुलीला मंगळ निघाला म्हणून जुळत आलेली सोयरीक मोडते. साडेसाती उतरविण्यासाठी ऐन पेरणीच्या तोंडावर बियाण्याचे पैसे बाजूला काढले जातात. आपल्या वस्त्यांतून हे सारे पूर्णपणे सुटले आहे असे छातीठोकपणे म्हणवत नाही. तेव्हा ज्याला भ्यायचे त्याचे निदान वजन तरी आपल्याला ठाऊक असावे, असा विचार आम्ही केला.

आर्वीत घनता समजावून सांगायला फळा-खडूची गरज नाही. हा कापसाचा मुलूख आहे. वेचलेला कापूस बंडीत भरला की बंडी काठोकाठ भरते, वर माणसे चढून पायाने तुडवितात, तरी वजनात भरतो तो थोडाच. हाच कापूस जिनात जातो, सरकी वेगळी होते, रुई प्रेसखाली येते आणि १७० किलोची एक गाठ बांधून बाहेर पडते. रुई तीच, तिचे वजन तेच, पण सुटी असताना तिने खोली भरली होती आणि आता ती एका कोपऱ्यात मावते. जागा व्यापते तो आकार, काट्यावर भरते ते वस्तुमान, आणि ठराविक जागेत किती माल कोंबला आहे ती घनता. या तीन गोष्टींची गल्लत केली नाही की आकाशातले अर्धे कोडे सुटते. एक घनसेंटीमीटर पाण्याचे वजन एक ग्रॅम, म्हणून पाण्याची घनता १ धरतात. पुढे आम्ही जे आकडे सांगू ते सगळे पाण्याच्या मानाने आहेत असे समजावे.

वजन आणि वस्तुमान यांत शास्त्र फरक करते. पृथ्वीवरचा साठ किलोचा माणूस चंद्रावर ताणकाट्याला लटकला तर काटा दहाच किलो दाखवील, कारण चंद्राची ओढ सहापट कमी आहे. माणूस मात्र तेवढाच राहतो. बोलण्याच्या सोयीसाठी आम्ही 'वजन' हाच शब्द वापरणार आहोत, अर्थ मात्र वस्तुमान असा घ्यावा.

आता आकाशाचा नकाशा आर्वीच्या जमिनीवर आणू. प्रमाण असे धरू की प्रत्यक्षातले एक हजार किलोमीटर म्हणजे आपल्या नकाशातला एक मिलिमीटर. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर आहे. म्हणजे आपला सूर्य एक मीटर ३९ सेंटीमीटरचा, बैलबंडीच्या मोठ्या चाकाएवढा, पण चाकासारखा चपटा नव्हे तर गोळा. तो सभेच्या पटांगणात ठेवला. पृथ्वीचा व्यास १२ हजार ७४२ किलोमीटर, म्हणून आपली पृथ्वी पावणेतेरा मिलिमीटरची, एक लहानसे रानबोर. ते बोर सूर्यापासून दीडशे मीटरवर ठेवायचे. बोरापासून ३८ सेंटीमीटरवर, म्हणजे हातभरही नाही, ज्वारीच्या बारीक दाण्याएवढा चंद्र. माणूस आजवर स्वतः गेला आहे तो एवढेच अंतर. बुध तुरीच्या दाण्याएवढा, शुक्र जवळजवळ पृथ्वीएवढेच दुसरे बोर, मंगळ हरभऱ्याएवढा. गुरू १४ सेंटीमीटरचा, मोठ्या बेलफळासारखा, पाऊण किलोमीटरच्या थोडे पुढे. शनीचा गोळा १२ सेंटीमीटरचा, जवळजवळ दीड किलोमीटरवर. युरेनस आणि नेपच्यून ही दोन लिंबे, त्यातले नेपच्यूनचे लिंबू साडेचार किलोमीटर दूर कोणाच्या तरी शेताच्या धुऱ्यावर.

१९७७ साली सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान आज सूर्यापासून सुमारे पंचवीस अब्ज किलोमीटरवर आहे. माणसाने बनविलेली इतकी दूर गेलेली दुसरी वस्तू नाही. आपल्या नकाशात ते पंचवीस किलोमीटरवर येते. आर्वीहून पुलगावला जाणारी शकुंतलेची वाट पस्तीस किलोमीटरची. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे सेकंदाला सतरा किलोमीटरच्या वेगाने धावूनही ते यान अजून पुलगावला पोचलेले नाही. (शकुंतला तरी कुठे वेळेवर पोचत होती, असे मागच्या रांगेतले वडीलधारे म्हणतील. असो.) आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा कुठे? याच प्रमाणात तो चाळीस हजार किलोमीटर दूर ठेवावा लागेल. पृथ्वीचा घेर तेवढाच आहे. आर्वीहून निघून सरळ चालत राहिलो आणि अख्ख्या जगाला वळसा घालून पुन्हा आर्वीत आलो, की त्या ताऱ्याची जागा आली.

या नकाशाची गंमत अशी की वजनेही हिशेबात नीट बसतात. गोळे खऱ्या ग्रहांच्या मालाचे बनविले तर आपले पृथ्वीचे बोर सहा ग्रॅम भरेल. चंद्र एका ग्रॅमच्या चौदाव्या हिश्शाएवढा. गुरू एक किलो नऊशे ग्रॅम. शनी ५७० ग्रॅम. नेपच्यून १०२ ग्रॅम आणि युरेनस ८७. येथे थोडे थांबावे. युरेनस नेपच्यूनपेक्षा आकाराने किंचित मोठा आहे, पण वजनाला हलका. आकार पाहून वजन ठरवू नये, हे बाजारात संत्री घेणाऱ्याला सांगायला नको, जाड सालीचे पोकळ फळ दिसायला मोठेच असते. मंगळ भरेल ६४० मिलिग्रॅम, एक ग्रॅमही नाही. आठही ग्रह एका पारड्यात टाकले तरी दोन किलो सातशे ग्रॅमच्या आतच. आणि दुसऱ्या पारड्यातला सूर्य? तो भरेल जवळजवळ वीस क्विंटल, म्हणजे रुईच्या बारा गाठी. एका बाजूला बारा गाठी, दुसऱ्या बाजूला पावणेतीन किलोही नाही. आपण ज्यावर राहतो, ज्याच्या धुऱ्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात, ते त्यातले सहा ग्रॅम.

विद्यार्थी विचारतील, आणि विचारलेच पाहिजे, की हे तोलले कोणी? एवढा काटा आणला कुठून? उत्तर असे की ग्रह कोणी तोलत नाही, त्याची ओढ मोजतात. दगड दोरीला बांधून गरगर फिरविला की हाताला ओढ जाणवते. जितके जोरात फिरवाल तितकी दोरी घट्ट धरावी लागते. ग्रहाभोवती त्याचा चंद्र फिरतो तेव्हा दोरीचे काम ग्रहाचे गुरुत्वाकर्षण करते. चंद्र किती अंतरावर आहे आणि फेरीला किती वेळ घेतो एवढे कळले की ग्रह किती वजनदार आहे ते न्यूटनच्या नियमाने निघते. गुरू आणि शनी यांना चंद्र आहेत, त्यांचे वजन त्यामुळे फार पूर्वीच निघाले. बुध आणि शुक्र यांना चंद्र नाही, त्यांचे अचूक वजन कळायला याने जवळून जाऊ द्यावी लागली, शुक्राजवळून १९६२ साली आणि बुधाजवळून १९७४ साली. याच नियमाच्या हिशेबावर आपल्या देशाचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवती फिरू लागले आणि चंद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले. मंगळाचे वजन आपल्या शास्त्रज्ञांना चुकीचे माहीत असते तर यान त्याच्याभोवती फिरलेच नसते.

तरीही एक अडचण उरत होती. या रीतीने ग्रह एकमेकांच्या किती पट आहेत ते कळत होते, पण किलोत किती ते कळायला एकदा तरी पृथ्वीची ओढ घरातल्या वजनाशी ताडून पाहावी लागणार होती. ते काम इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ साली केले. एका आडव्या दांडीच्या दोन्ही टोकांना शिशाचे लहान गोळे लावून ती दांडी तारेने टांगली, त्यांच्याजवळ शिशाचे दोन मोठे गोळे आणले आणि दांडी किती बारीकशी वळते ते खोलीबाहेरून दुर्बिणीने पाहिले, कारण माणूस आत गेला तर त्याच्या अंगाच्या उष्णतेने हवा हलत होती. त्यातून पृथ्वीची घनता निघाली ५.४५. आजचा आकडा ५.५१ आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी, विजेचा दिवा नसताना, बंद खोलीत केलेल्या मोजणीत शंभराला एकाच्या आसपास फरक! आम्हाला तर हा प्रयोग चंद्रावर उतरण्याइतकाच मोठा वाटतो.

या ५.५१ या आकड्यात एक गुपित दडले आहे. आर्वीच्या कोणत्याही विहिरीतून निघालेला काळा दगड घ्या. हा ज्वालामुखीचा थिजलेला रस, म्हणजे बेसॉल्ट. दगड काट्यावर तोला, मग पाण्याने काठोकाठ भरलेल्या बादलीत सोडा, सांडलेले पाणी मोजा आणि भागाकार करा. घनता तीनच्या जवळपास येईल. आता सांगा, वरचा दगड तीनचा आणि सबंध पृथ्वीची सरासरी साडेपाच, हे कसे? याचा अर्थ आत कुठे तरी दगडापेक्षा पुष्कळ जड माल असला पाहिजे. तो माल म्हणजे मुख्यतः लोखंड, आणि भूकंपाच्या लहरींच्या अभ्यासाने पुढे तेच सिद्ध झाले. पृथ्वीच्या पोटात कोणी उतरले नाही. सर्वांत खोल भोक पाडले तेही बारा किलोमीटरच्या थोडे पुढे, आणि केंद्र आहे ६,३७१ किलोमीटर खाली. तरी एका भागाकाराने पोटातले लोखंड सांगितले. चंद्राची घनता ३.३४ आहे, दगडाच्या जवळची. म्हणजे चंद्राच्या पोटात लोखंड फार थोडे. पृथ्वी नुकतीच बनत असताना तिच्यावर मोठा गोळा आदळला आणि उडालेल्या वरवरच्या दगडी मालातून चंद्र झाला, असे जे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, त्याला या एका आकड्याचा मोठा आधार आहे.

ग्रहांत सर्वांत जास्त घनता पृथ्वीचीच. त्याखालोखाल बुध ५.४३. पण येथेही प्रेस आठवावा. पृथ्वी मोठी, तिचा वरचा भार आतल्या मालाला दाबतो, म्हणून आतले घट्ट होते. हा दाब काढून हिशेब केला तर बुध पृथ्वीच्या पुढे जातो, कारण त्याच्यात लोखंडाचे प्रमाणच जास्त आहे. गुरूची घनता १.३३, सूर्याची १.४१. सूर्य म्हणजे आगीचा गोळा, तो पाण्यापेक्षा जड कसा, असे मनात येईल. तो आहे वायूच, पण स्वतःच्या भाराने असा दाबला गेला आहे की त्याच्या केंद्रात घनता १५० च्या आसपास जाते, शिशाच्या तेरापट, आणि तरीही तेथे वायूच असतो, कारण तेथले तापमान दीड कोटी अंश आहे.

आता शनीकडे येऊ. शनीची सरासरी घनता ०.६९ आहे. पाण्यापेक्षा कमी! आठ ग्रहांत असा हा एकटाच. शनी पाण्यावर तरंगेल असे पुस्तकांतून लिहिलेले असते. त्याला मावेल असा तलाव नाही आणि असला तरी तो वायूचा गोळा त्यात विरून जाईल, तेव्हा ते वाक्य शब्दशः घेऊ नये, पण आकडा खरा आहे. ज्या शनीच्या भाराखाली माणूस साडेसात वर्षे दबतो म्हणतात, तो लाकडाच्या ओंडक्याइतकाच घट्ट आहे. आणि ही साडेसात वर्षे तरी आली कुठून? शनी दूर असल्यामुळे सावकाश चालतो, सूर्याभोवतीच्या एका फेरीला साडेएकोणतीस वर्षे घेतो. त्याला बारा राशींनी भागा, एका राशीला अडीच वर्षांच्या आसपास येतात. मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशी धरल्या की साडेसात. साडेसातीचा आकडा हा शनीच्या अंतराचा हिशेब आहे, कोणाच्या नशिबाचा नव्हे. शनीला साडेएकोणतीस वर्षे लागतात हे आपल्या जुन्या ज्योतिर्विदांनी डोळ्यांनी पाहून अचूक काढले होते, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्या आकड्याला भीतीची शेपटी कोणी जोडली, हा वेगळा विषय आहे.

मंगळाचे वजन पृथ्वीच्या एकदशांशाच्या जवळपास. तो लाल दिसतो कारण त्याच्या मातीत गंज आहे, आपल्या जुन्या पत्र्यावर चढतो तोच लोखंडाचा गंज. मुलीच्या जन्माच्या वेळी या मंगळाची ओढ तिच्यावर किती पडते, याचा हिशेब आम्ही मुद्दाम केला. मंगळ अगदी जवळ आला असेल, म्हणजे साडेपाच कोटी किलोमीटरवर, तेव्हा त्याची बाळावरची ओढ आणि हातभर अंतरावर बसलेल्या पन्नास किलोच्या सुईणीची ओढ जवळजवळ सारखीच भरते. एरवी मंगळ चाळीस कोटी किलोमीटरपर्यंत दूर जातो. तेव्हा सुईणीची ओढ त्याच्या पन्नासपट होते. सुईणीचा दोष कुंडलीत मांडून कोणी सोयरीक मोडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कोणी म्हणेल, ओढ नसेल तर दुसरे काही सूक्ष्म असेल. असेल तर ते मोजून दाखवावे. ज्या नियमाने यान तेथे पोचले तो नियम मोजून दाखविलेला आहे. आणि मंगळाच्या नावाखाली लग्न अडून बसलेली मुलगी प्रत्यक्षात घरोघरी आहे, तिचे वय वाढते आहे, तेवढी वाट पाहायला तिला सांगू नये.

ग्रह झाले, आता ताऱ्यांकडे. आर्द्रा नक्षत्र माहीत नाही असा शेतकरी आर्वी तालुक्यात सापडणार नाही. मृगाचा पाऊस, मग आर्द्रेचा. पण आर्द्रेचा तारा पाहिला आहे काय, असे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात. त्यांचा दोष नाही. जूनच्या त्या दिवसांत सूर्य त्याच ताऱ्याच्या शेजारी असतो, म्हणून तो दिसतच नाही. थंडीत संध्याकाळी पूर्वेला मृगाच्या चौकटीत एका कोपऱ्यावर तांबूस तारा दिसतो, तो आर्द्रा, इंग्रजीतला बीटलगूज. आपल्या नकाशात सूर्य बंडीच्या चाकाएवढा होता. आर्द्रा त्यात सुमारे एक किलोमीटर व्यासाचा निघेल. सूर्याच्या जागी तो ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे चारही त्याच्या पोटात जातील. वजन मात्र पंधरा-वीस सूर्यांइतकेच. एवढ्या अफाट जागेत एवढाच माल पसरला म्हणजे घनता किती राहिली? आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षाही हजारो पटींनी विरळ. दिसायला राक्षस, आणि माल पिंजलेल्या कापसाहून कितीतरी विरळ.

मृगाच्या जरा खाली आग्नेयेला व्याध चमकतो, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. हा तारा सरळ न जाता किंचित डुलत जातो, हे बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८४४ साली ओळखले आणि त्याला न दिसणारा जोडीदार असला पाहिजे असे सांगितले. १८६२ साली अमेरिकेत अल्व्हन क्लार्क नवी दुर्बीण तपासत असताना तो जोडीदार दिसला. त्याचे वजन एका सूर्याएवढे, आणि आकार? पृथ्वीपेक्षाही किंचित लहान. म्हणजे आपल्या नकाशातले ते रानबोर, पण वीस क्विंटलचे! बारा गाठी रुई एका बोरात दाबली. चमचाभर माल काही टनांचा. हे गणित खोटे असावे असेच बऱ्याच जणांना प्रथम वाटले होते. अशा ताऱ्यांना श्वेतबटू म्हणतात.

या श्वेतबटूंच्या वजनाला मर्यादा आहे, हे शोधणारा मुलगा आपल्या देशाचा. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून इंग्लंडला निघाले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. बोटीवरच्या त्या दिवसांत त्यांनी जे गणित सुरू केले त्यातून पुढे निघाले की सूर्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जास्त वजनाचा श्वेतबटू टिकू शकत नाही, तो आणखी आत कोसळतो. १९३५ साली त्या काळचे सर्वांत मोठे नाव असलेले एडिंग्टन यांनी भर सभेत या कल्पनेची खिल्ली उडविली. चंद्रशेखरांनी आकडे मागे घेतले नाहीत. १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या माणसाने भर सभेत हसण्यावारी नेले म्हणून बसून जाणाऱ्या आमच्या कॉलेजातल्या मुलामुलींना हे आम्ही आवर्जून सांगत असतो.

कोसळून उरतो तो न्यूट्रॉन तारा. वजन सूर्याच्या दीडपटीच्या आसपास, व्यास वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे आर्वी तालुक्यात सहज मावेल असा. आपल्या नकाशात तो मिलिमीटरचा पन्नासावा भाग येतो, कापसाच्या एका तंतूची जाडी तेवढी असते. तंतूच्या जाडीचा ठिपका आणि वजन अठ्ठावीस क्विंटल. त्याच्या एका घनसेंटीमीटरचे वजन साठ-सत्तर कोटी टन. ही अतिशयोक्ती नाही. असे तारे स्वतःभोवती फिरताना नियमित रेडिओ ठोके देतात, त्यांना पल्सार म्हणतात. पहिला पल्सार १९६७ साली जोसलिन बेल या विद्यार्थिनीच्या नजरेत आला. आज ते ठोके ऐकणारी जगातली एक मोठी दुर्बीण आपल्या महाराष्ट्रात आहे, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. शाळेची सहल काढायची तर देवस्थानांच्या यादीत हे एक नाव घालता येते.

त्याहीपुढे गेले की कृष्णविवर. त्यावर स्वतंत्र व्याख्यान लागेल, एवढेच सांगतो की आपली सबंध पृथ्वी, डोंगर-समुद्रासकट, दाबून दाबून मुलांच्या खेळातल्या गोटीएवढी केली तर तिच्यातून प्रकाशही बाहेर पडणार नाही.

शेवटी एक प्रश्न, जो आम्हाला विदर्भात सगळीकडे विचारला जातो. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशातून जळत जाणारी रांग आपल्यापैकी अनेकांनी पाहिली. तारा तुटला, अशी हाकाटी झाली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची मोठी कडी पडलेली सापडली, आणखी काही ठिकाणी पोकळ गोळे मिळाले. तो चिनी अग्निबाणाचा टप्पा असावा, असे तज्ज्ञांनी सांगितले. तारा तो नव्हताच. आपल्या नकाशात पृथ्वी सहा ग्रॅमचे बोर आहे आणि सूर्य हा मध्यम प्रतीचा तारा वीस क्विंटलचा. वीस क्विंटल सहा ग्रॅमवर कसे पडेल? पडेल तर ते बोरच त्याच्यावर. एरवी रात्री तुटताना दिसतात त्या उल्का, त्यातल्या बहुतेक वाळूच्या कणाएवढ्या, सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने हवेत शिरून जळणाऱ्या. मोठा दगड कधी तरी खरोखर येतो आणि मग लोणारसारखे पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर पाडतो. पण तोही दगडच, तारा नव्हे.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. काटा, बादली आणि विहिरीतले दोन दगड आम्ही सोबत आणले आहेत, ज्या विद्यार्थ्यांना घनता स्वतः काढून पाहायची असेल त्यांनी पुढे यावे. जयभीम.